पेटी बेसूर नव्हती, सिनेमा बेसूर होता

पोस्ट लांब आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा.

आमचे अण्णा पेटी वाजवायचे. गावच्या भजनी मंडळात साथ, कीर्तन असलं की साथ, आणि घरी संध्याकाळी जुनी सिनेमाची गाणी. घरात व्हीसीडी प्लेअर आला तेव्हा मी हौसेने त्यांच्या आवडत्या एका जुन्या मराठी चित्रपटाची व्हीसीडी आणली. त्यातलं एक गाणं अण्णांनी तरुणपणी रेकॉर्डवरून बसवलेलं, काळी एकमध्ये. टीव्हीवर गाणं सुरू झालं, अण्णांनी पेटी पुढे ओढली आणि सूर धरला. जुळेना. काळी एक धरली तर गाणं वर, पांढरी दोन धरली तर गाणं खाली. दोन-तीनदा प्रयत्न केला आणि भाता बंद केला. "पेटीचे सूर उतरले वाटतं," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एसटीने पेटी मिरजेला नेली. कारागिराने एकेक सूर तपासला आणि सांगितलं, "काका, पेटी ठणठणीत आहे." अण्णा परत आले ते गप्प. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मग माझाच कान गेला म्हणायचा." त्यानंतर त्यांनी साथीला जाणं हळूहळू कमी केलं. घरातला रेकॉर्ड प्लेअर कधीच बंद पडलेला, त्यामुळे पडताळून बघायला काही नव्हतं.

अण्णा गेल्यावर काही वर्षांनी मला कळलं की त्यांचा कान शाबूत होता, पेटीही शाबूत होती. सिनेमाच वेगाने पळत होता.

कसा, ते सांगतो. थिएटरात सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चालतो. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत, म्हणजे पाल, सेकंदाला २५ फ्रेमची. मग २४ चे २५ करायचे कसे? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सिनेमाच थोडा जोरात पळवायचा. वेग चार टक्क्यांनी वाढतो. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. चित्र बघताना हे कुणाला कळत नाही. पण आवाजही चार टक्क्यांनी पळतो आणि सूर वर चढतो, अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. म्हणजे काळी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये लटकतं. पेटीत त्या जागेला पट्टीच नाही! अण्णा बिचारे नसलेली पट्टी शोधत होते.

दूरदर्शनवर वर्षानुवर्षं हेच चालू होतं. आपल्या अख्ख्या पिढीने टीव्हीवर सिनेमे ऐकले ते असे चढलेले. त्या काळात तंत्राचीच मर्यादा होती, म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण आज? आज ब्ल्यू-रे २४ फ्रेमने चालते, मोबाइलवरचा व्हिडिओ २४ फ्रेमने चालतो. सूर चढवायचं काही कारण उरलेलं नाही. तरी तीच जुनी पळवलेली टेप उचलायची, चित्र जरा चकचकीत करायचं आणि वर "एचडी" असं लिहून विकायचं, हा धंदा अजून चालू आहे. याला मर्यादा म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

आणि हा झाला लहान गुन्हा. मोठा पुढे आहे.

मागच्या वर्षी तोच चित्रपट मी पुन्हा पाहिला, "नव्या डिजिटल आवाजात". कंपनीचं नाव घेत नाही, कारण एकट्या तिचं हे पाप नाही. सूर जागेवर होता, पण बाकी सगळं परकं! मूळ सिनेमात विहिरीवरचा एक प्रसंग आहे. त्यात रहाटाची करकर आणि लांबून येणारा बैलांच्या घुंगरांचा आवाज, एवढंच होतं. नव्या आवृत्तीत त्या जागी पक्षी किलबिलतात, कुठल्याशा सीडीतून उचललेले. दार लागतं तेव्हा किल्ल्याचा दरवाजा लागल्यासारखा धडाम आवाज. ढोलकीवर कुणीतरी आणखी एक ताल चढवलाय. संवादांना असा घुमारा दिलाय की माजघरात बोलणारी आई देवळाच्या सभामंडपात बोलतेय असं वाटावं. मूळ आवाज ऐकायचा तर पर्याय? नाही. बटणच नाही.

लोक म्हणतील, आवाजच तर बदलला, सिनेमा तोच आहे ना? नाही, तोच नाही. ज्यांना वाटतं की सिनेमाचा आवाज म्हणजे चित्राच्या मागे लावलेली पट्टी, त्यांच्यासाठी एक नाव सांगतो. मंगेश देसाई.

किती मराठी माणसांना हे नाव माहीत आहे? परळच्या राजकमल स्टुडिओत बसून या माणसाने संवाद, पार्श्वसंगीत, पावलं, वारा, शांतता हे सगळं एकत्र मिसळून सिनेमाला शेवटचा आवाज दिला. सत्यजित राय यांच्यासारखा काटेकोर दिग्दर्शक आपल्या सिनेमांचं ध्वनिमिश्रण करायला कलकत्त्याहून मुंबईला देसाईंकडे यायचा. 'शोले'च्या ध्वनिमिश्रणालाही त्यांचाच हात लागलेला. कुठला आवाज किती ठेवायचा, कुठे काहीच ठेवायचं नाही, हे ठरवणं ही त्यांची कला. ती कुठल्या कागदावर लिहिलेली नाही. ती फक्त त्या मूळ ध्वनिपट्टीत आहे. तुम्ही ती काढून नवीन मिक्स चढवता तेव्हा चित्र दिग्दर्शकाचं राहतं, अभिनय नटाचा राहतो, आणि मंगेश देसाई पुसले जातात. श्रेयनामावलीत नाव तसंच, काम मात्र गायब. एखाद्या चित्रकाराच्या भिंतीवर रंगाऱ्याने ऑइलपेंट मारावा आणि खाली सही मात्र जुनीच ठेवावी, तसं हे आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 'जॉज' या १९७५ च्या सिनेमाला उत्तम ध्वनीचं ऑस्कर मिळालं, ते मोनो आवाजाला. २००० साली डीव्हीडी आली तेव्हा त्यात नवं ५.१ मिक्स होतं आणि ऑस्करविजेता आवाजच नव्हता! नंतरच्या आवृत्तीत तो परत आला. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं १९९६ मध्ये पुनरुज्जीवन झालं तेव्हा पावलांचे, दारांचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केले आणि त्यावर टीका झाली. फरक इतकाच की तिकडे प्रेक्षक भांडतात. काही हौशी लोक तर जुन्या लेझरडिस्कवरचा मूळ आवाज काढून नव्या चित्रावर फ्रेम-फ्रेम मोजून बसवतात. आपण काय करतो? "क्लॅरिटी छान आहे" अशी कमेंट टाकतो.

हे बसवणं किती कष्टाचं असतं तेही समजून घ्या. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारी छापलेली असते, पण आपल्या चित्रापेक्षा २० फ्रेम पुढे, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्र एका जागी दिसतं आणि आवाज थोड्या खाली वाचला जातो. आता टूरिंग टॉकीजमध्ये प्रिंट तुटली आणि ऑपरेटरने चार-सहा फ्रेम कापून सांधा मारला, की चित्र एका क्षणाचं जातं आणि आवाज पाऊण-एक सेकंद पुढच्या क्षणाचा जातो. असे प्रत्येक रिळात पाच-दहा सांधे धरा. मग निगेटिव्हवरून स्वच्छ चित्र घेतलं आणि प्रिंटवरून आवाज घेतला तर दोन्ही जुळत नाहीत. रीळ पुढे जाईल तसतसे ओठ आणि शब्द लांब जातात. आवाज सरसकट ताणून हे बसत नाही. प्रत्येक सांधा शोधून, तिथला हरवलेला तुकडा दुसऱ्या प्रिंटमधून आणून भरावा लागतो. माणसाचा कान यात फार पक्का. आवाज चित्राच्या आधी जेमतेम एका फ्रेमने आला तरी खटकायला लागतं.

कष्टाचं आहे, पण अशक्य नाही. पुरावा हवा असेल तर श्याम बेनेगलांचा 'मंथन' बघा. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला १९७६ चा सिनेमा, आपल्या स्मिता पाटीलचा. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो पुनरुज्जीवित केला आणि २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला. चित्र मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून घेतलं, आवाज ३५ मिलिमीटरच्या प्रदर्शन प्रिंटवरून. आवाज दुसरीकडून आणावा लागला, पण आणला तो त्याच सिनेमाचा. नवीन गायी हंबरवल्या नाहीत!

आता नेहमीचे तीन आक्षेप.

एक, "जुना आवाज खरखरीत असतो." खरखर काढा की! धूळ पुसणं आणि मूर्ती बदलणं यातला फरक आपल्याकडे कुठल्याही पुजाऱ्याला कळतो.

दोन, "लोकांना ५.१ लागतो." द्या. कोण नको म्हणतंय? २००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' रंगीत करून आणला तेव्हा आवाजही नव्याने बांधला, पण त्यात स्वतः नौशादसाहेब होते. ज्याचं संगीत तोच बदलत असेल तर तो त्याचा हक्क. माझं म्हणणं एवढंच की नवा आवाज द्या आणि शेजारी मूळ आवाजही द्या. निवड माझी.

तीन, "जागा लागते, खर्च वाढतो." हा तर शुद्ध बहाणा. डीव्हीडीवर आठ ध्वनिपट्ट्या बसतात. अडीच तासांची साधी मोनो पट्टी साधारण २१६ एमबी होते आणि दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतं. ट्रेलर, जाहिराती आणि कंपनीची फिरती मुद्रा यांना जागा आहे, मूळ आवाजाला नाही?

आणि हा नुसता हौशी लोकांचा प्रश्न नाही, सार्वजनिक पैशाचा आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली सुमारे २२०० सिनेमांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. हे काम आपल्या पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयाचं. आपलं राज्य सरकार मराठी सिनेमांना अनुदान देतं. पैसा आपला, तर विचारायचा हक्कही आपला. पुस्तक छापलं की १९५४ च्या कायद्याने ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते. सिनेमा जपण्यासाठी असं बंधन नाही. परिणाम समोर आहे. 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, १९३१ चा. आज त्याची एकही प्रिंट नाही. ज्या सिनेमाने देशाला पडद्यावर बोलायला लावलं त्याचाच आवाज आपल्याकडे नाही. 'अयोध्येचा राजा' उरला हे आपलं नशीब. नशिबावर किती दिवस चालवायचं?

म्हणून मागण्या लिहितो, मोजून चार:

१. सार्वजनिक पैशातून पुनरुज्जीवित झालेल्या प्रत्येक सिनेमात मूळ ध्वनिमिश्रण, मूळ वेगात आणि मूळ सुरात, निवडता आलं पाहिजे.

२. आवाज कुठल्या साधनावरून घेतला आणि त्यात काय बदललं, हे सुरुवातीला दोन ओळींत लिहा. बिस्किटाच्या पुड्यावर घटक लिहितात, सिनेमावर लिहायला काय हरकत आहे?

३. राज्याचं अनुदान घेणाऱ्या मराठी सिनेमाने अंतिम ध्वनिमिश्रण आणि संवाद, संगीत, परिणाम यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या जमा कराव्यात. आजचा हार्ड डिस्कवरचा सिनेमा उद्या 'आलम आरा' होऊ शकतो.

४. श्रेयनामावलीत ज्या ध्वनिमिश्रकाचं नाव आहे त्याचं काम काढलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आणि आपणही काहीतरी करू. तुमच्या गावात कुणी जुना ऑपरेटर असेल, कुणाच्या माळ्यावर रिळांचे डबे गंजत पडले असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. आंबट वास येतोय म्हणून फेकू नका. तो वास म्हणजे फिल्म मरायला लागल्याची खूण आहे, मेल्याची नाही. चित्र निकामी झालेल्या रिळाच्या कडेलाही आवाज शाबूत असू शकतो. पुढच्या वेळी जुना सिनेमा "नव्या आवाजात" दिसला तर खाली एकच ओळ लिहा: मूळ आवाज कुठे आहे? शंभर जणांनी लिहिलं तर विचारावं लागेल त्यांना.

अण्णांची पेटी अजून घरात आहे. मुलगी शिकतेय. मध्यंतरी एका ओळखीच्याने त्याच गाण्याची जुनी रेकॉर्ड वाजवून मोबाइलवर भरून पाठवली. मुलीने काळी एक धरली. पहिल्या फटक्यात जुळली.

अण्णा, कान तुमचा गेला नव्हता हो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे.