दुसरा घ्या ना!

हल्ली कुठलीही अडचण चारचौघांत बोलायची सोय राहिलेली नाही. छत्रीची काडी मोडली म्हणावे, तर वाक्य पुरे व्हायच्या आत समोरचा म्हणतो, "दुसरी घ्या ना!" मिक्सरचे भांडे गळते म्हणावे, तर "दुसरा घ्या ना!" पूर्वी हा सल्ला फक्त दुकानदार देत असे, आणि त्याचे पोट त्यावर होते म्हणून आपण त्याला क्षमा करत होतो. आता तोच सल्ला शेजारी, भाचे, बँकेतले सहकारी आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला अनोळखी माणूससुद्धा फुकट देतो. ह्या सल्ल्याशी माझे भांडण जुने आहे. आज ते एकाच वस्तूपुरते मांडतो. ती वस्तू म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा, ज्याला मॉनिटर म्हणतात. आमच्या शाळेत वर्गाला मॉनिटर एकच असे आणि तो साठ पोरांना पुरून उरे. "दुसरा घ्या ना" असे हेडमास्तरांना सुचवण्याची कुणाची छाती झाली नाही. इथे तर कॉम्प्युटर दोनच आहेत.

प्रकरण असे आहे. कल्याणातल्या आमच्या हॉलमध्ये एक चार फुटी टेबल आहे, त्यावर एक २४ इंची पडदा आहे आणि त्या पडद्याला दोन कॉम्प्युटर लावलेले आहेत. पैकी एक सौ.च्या कंपनीचा. २०२० च्या टाळेबंदीत तो आमच्या घरी आला आणि पाहुण्याचा घरजावई व्हावा तसा अजून आठवड्यातले तीन दिवस इथेच असतो. त्यात विंडोज आहे, आणि कंपनीने त्याला असे कुलूप घातले आहे की मागचे चित्रदेखील सौ.ला बदलता येत नाही. नवे काही टाकणे तर दूरच.

दुसरा कॉम्प्युटर घरचा. प्रकृतीने ठणठणीत. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली, आणि विंडोज ११ ने त्याला दारातच अडवून विचारले, प्रोसेसर कुठल्या सालचा? टी.पी.एम. २.० आहे का? म्हणजे उमेदवार कामाला लायक, पण वयोमर्यादेत बसत नाही. तेव्हाही सगळे म्हणालेच, दुसरा घ्या ना. मी त्यात लिनक्स घातले. ते फुकट मिळते. सोसायटीचा ताळेबंद विंडोजमध्ये जुळत होता, तो लिनक्समध्येही जुळतो. मेंटेनन्स थकवणारे तेव्हाही थकवत होते, आताही थकवतात. मला तरी काही फरक पडलेला दिसला नाही.

फरक पडला तो पडद्याला. दिवसातून दहा वेळा त्याला इकडून तिकडे वळवावे लागते. सौ.ची मीटिंग संपली की चिरंजीवांचा अभ्यास, अभ्यास संपला की माझी सोसायटी, मधेच पुन्हा सौ.च्या साहेबांना काहीतरी आठवते. हे वळवण्याचे बटण पडद्याच्या मागे, खालच्या कडेला, डोळ्यांना दिसणार नाही अशा बेताने बसवलेले आहे. कपाटामागे पडलेली चावी शोधावी तसा हात मागे घालून चाचपायचे. बटणे पाच, आणि सगळी सारखी. पहिले दाबले की उजेड कमी होतो. दुसरे दाबले की पडद्याची भाषा विचारली जाते, आणि त्या यादीत डोळे फाडून पाहिले तरी मराठी नसते. तिसऱ्या बटणाने पडदा बंदच होतो. ज्या कुणी हा पडदा आखला त्याच्या घरी एकच कॉम्प्युटर असला पाहिजे, आणि तोही बहुधा त्याला कुणी वापरू देत नसावे.

बटण सापडले म्हणजे सुटलो, असेही नाही. खरा तमाशा पुढे आहे. पडदा आणि कॉम्प्युटर यांची केबलमधून बोलणी चाललेली असतात. पडदा आपली एक ओळखचिठ्ठी धाडतो: मी अमुक कंपनीचा, माझी रुंदी एवढी, मला इतके ठिपके दाखवता येतात. ह्या चिठ्ठीचा नमुना १९९४ साली ठरला. मूळ मजकूर १२८ बाइटांचा, म्हणजे पोस्टकार्डाहूनही आटोपशीर. शिवाय एच.डी.एम.आय. केबलला १९ पिना असतात आणि त्यातल्या एकोणिसाव्या पिनेचे काम एवढेच, की "मी आहे" असे सांगत राहायचे. आता बरेच पडदे, आणि त्याहून जास्त स्वस्तातले स्विच, आपण पडदा दुसरीकडे वळवला की पहिल्या कॉम्प्युटरशी ही बोलणी तोडून टाकतात. पडदा तिथेच असतो, हातभर अंतरावर. पण कॉम्प्युटरला वाटते, गेला! उचलून नेला! आणि तो शोकाकुल होऊन सगळ्या खिडक्या आपल्या चिमुकल्या पडद्यावर गोळा करतो. सौ.ने सकाळी रांगोळीसारखी मांडलेली चौदा पाने, डावीकडे आकडे, उजवीकडे पत्रव्यवहार, एकावर एक ढीग होऊन पडतात. मी दोन मिनिटे सोसायटीची पावती छापायला पडदा मागितलेला असतो. त्या दोन मिनिटांपायी तिची दहा मिनिटे आवराआवरीत जातात. आणि तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला आहे की पेटला, हे कंपनीत कुणीतरी बघत असते. खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवीन असे विंडोज ११ ने आता कबूल केले आहे. कधी ठेवते, कधी विसरते. माणसाळत चालले आहे म्हणायचे.

अशा वेळी आमचा भाचा म्हणतो, "मामा, दुसरा घ्या ना! आजकाल काय महाग आहे?"

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला "काय महाग आहे" ह्या प्रश्नाची भीती वाटत नाही. हिशेब सरळ आहे. चार फुटी टेबल म्हणजे १२२ सेंटीमीटर. २४ इंची पडदा रुंदीला सुमारे ५४. दोन पडदे १०८. उरले १४ सेंटीमीटर. त्यात कीबोर्ड, माउस, सोसायटीची पावतीपुस्तके, चिरंजीवांच्या वह्या आणि चहाचा कप ह्यांपैकी फक्त कप मावतो, तोही बशीशिवाय. बरे, पडद्याचे पैसे एकदाच द्यायचे असतात. तो ज्या जागेवर उभा राहतो तिचे हप्ते वीस वर्षे फेडायचे असतात. कर्जखात्यात बसून रोज ते हप्ते मी पाहतो. "काय महाग आहे" म्हणणारा फक्त वस्तूची पावती दाखवतो.

ज्यांच्या धंद्यालाच दोन पडदे लागतात, त्यांच्याशी माझा वाद नाही. शेअरबाजारवाल्यांनी चार लावावेत, त्यांना पडायचे ते चारांवर पडताना दिसेल. माझे म्हणणे ज्यांना एक पुरतो त्यांच्याविषयी आहे.

भाच्याकडे दुसराही तोडगा होता. "मग एकाच मशीनमध्ये दोन्ही टाका." कंपनीच्या कॉम्प्युटरात आपण काही टाकायचे नसते, हे एक. आणि घरच्यात दोन्ही टाकून पाहणाऱ्यांना भलताच अनुभव येतो. विंडोज आतल्या घड्याळात इथली वेळ लावते, लिनक्स ग्रिनिचची. त्यामुळे एकाने लावलेले घड्याळ दुसऱ्याला साडेपाच तासांनी चुकीचे दिसते. एका छपराखाली राहून ज्यांचे वाजले किती यावर एकमत होत नाही, त्यांना निदान चुली तरी वेगळ्या असू द्याव्यात.

ह्या बाबतीत कल्याणच्या माणसाला कुणी शहाणपण शिकवू नये. आमचे सगळे गाव सांध्यावर वसलेले आहे. मुंबईकडून आलेला तोच रूळ, एक सांधा इकडे वळला की गाडी कसाऱ्याला, तिकडे वळला की कर्जतला. फलाट तोच. आणि त्याहून मोठी गोष्ट पाहा. १९२५ साली मुंबईत पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या डी.सी. विजेवर. देशभर पुढे २५,००० व्होल्टची ए.सी. वीज आली. दोन विजा, दोन पद्धती, एकीचे दुसरीशी काडीचे जुळत नाही. ही बदलाबदल टप्प्याटप्प्याने चालली आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ती २०१५ च्या जूनमध्ये पुरी झाली. मधल्या काळात काय झाले? २००७ पासून दोन्ही विजांवर धावणाऱ्या लोकल आल्या. जिथे एक वीज संपून दुसरी सुरू होई, तिथे तारेचा थोडा भाग कोरा ठेवलेला. तिथून जाताना डब्यातले दिवे आणि पंखे क्षणभर जात, उभे असलेले लोक "गेली वाटतं" म्हणत, आणि पुन्हा सगळे सुरू. पत्त्यांचा डाव मोडत नसे. कित्येक वर्षांचा प्रश्न एका क्षणाच्या अंधारात सोडवला होता. इथून पुढची वीज वेगळी आहे, तेव्हा उतरा आणि दुसरी लोकल घ्या ना, असे कुठल्याही फलाटावर पुकारले गेले नाही.

रेल्वेला जे लाखो माणसे घेऊन जमले, ते पडदेवाल्यांना आणि कॉम्प्युटरवाल्यांना टेबलावर का जमू नये? संताप इथे येतो. कारण सोय झालेली आहे! पडद्याने कुणाकडे तोंड करावे, हा हुकूम केबलमधूनच देता यावा म्हणून १९९८ साली डी.डी.सी.-सी.आय. नावाचा नियम ठरला. बटण चाचपायलाच नको. लिनक्समध्ये 'डीडीसीयुटिल' नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात एक ओळ लिहिली की आमचा पडदा मुकाट्याने सौ.कडे वळतो. परंतु विंडोजच्या सेटिंगमध्ये असे बटण शोधून सापडत नाही. बाहेरचा प्रोग्रॅम आणावा लागतो, आणि कंपनीच्या कुलपामुळे तो आणता येत नाही. म्हणजे पडदा इकडून तिकडे पाठवता येतो, तिकडून इकडे नाही. शिवाय काही पडदे ज्याच्याकडे तोंड असेल त्याचेच ऐकतात, काही कुणाचेच ऐकत नाहीत, आणि नियम पाळतो असे खोक्यावर मात्र छापलेले असते.

मधला मार्ग म्हणून के.व्ही.एम. स्विच नावाची पेटी मिळते. कीबोर्ड, पडदा आणि माउस तिन्ही एका बटणाने वळवते. स्वस्त घ्यावी तर वर सांगितलेली शोकसभा चालूच राहते. जी पेटी पडद्याची चिठ्ठी स्वतःजवळ जपून दोन्ही कॉम्प्युटरांना "आहे हो, इथेच आहे" अशी समजूत घालत बसते, तिची किंमत मॉनिटरच्या आसपास जाते. आणि मग दुकानदारच म्हणतो, "ह्यापेक्षा दुसरा मॉनिटर घ्या ना!"

आणि दोघांचे जुळतच नाही, असेही कुणी सांगू नये. मराठी टंकताना पाहा. दोन्हीकडे इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडला की 'क' त्याच जागी, 'म' त्याच जागी, काना त्याच जागी. कंपनीचे पत्र असो की सोसायटीची नोटीस, बोटांना पत्ताही लागत नाही की खाली सरकार बदलले आहे. कारण ती मांडणी भारत सरकारने १९८६ साली ठरवली, १९९१ साली मानक म्हणून छापली, आणि पुढे जो आला त्याने ती आपल्यात घेतली. इंग्रजीत दोघे सेटिंगच्या नावावरूनही भांडतात. मराठीत मात्र सख्खे भाऊ.

माझी मागणी म्हणून फार नाही. पडद्याच्या समोरच्या बाजूला, दिसेल असे, एक बटण. जुन्या टीव्हीला असे तसे गोल, खट् आवाज करणारे. एक खट् म्हणजे सौ., दुसरा खट् म्हणजे मी. आणि तोंड फिरवले तरी एकोणिसाव्या पिनेने "मी आहे" म्हणत राहायचे, एवढे साधे सौजन्य. आमच्या वाडीत एका बिऱ्हाडाचा फोन वीस बिऱ्हाडे वापरत आणि पत्त्याखाली अभिमानाने 'पी.पी.' छापत. फोनवाले काका जिन्यातून हाक मारत. पण समोरच्याला "ते घर सोडून गेले" असे सांगून फोन ठेवत नसत.

हे सगळे मी भाच्याला नीट समजावून सांगितले. इंच, सेंटीमीटर, कसारा, कर्जत, काही सोडले नाही. त्याने टेबलाकडे बराच वेळ पाहिले. पटले असावे असे वाटले.

"खरं आहे मामा," तो म्हणाला, "टेबलच लहान आहे. दुसरं घ्या ना!"