वरचा फुटबॉल देखणा झालाय, पण बघवत नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर रात्री निवांत वाचा, पण अर्धी वाचून मला फोन करू नका.

गेल्या आठवड्यात कट्ट्यावर माझ्या भाच्याशी वाजलं. पोरगा कॉलेजला आहे, अंगात मँचेस्टर सिटीचा टी-शर्ट, आणि युरोपातल्या पंचवीस संघांची अख्खी टीम तोंडपाठ. म्हणाला, "मामा, त्या शाहू स्टेडियमवर काय ठेवलंय? बॉल वर मारायचा आणि त्याच्यामागं पळत सुटायचं. खरा फुटबॉल रात्री टीव्हीवर असतोय." चार लोकांत पोराला काय बोलायचं म्हणून मी गप्प बसलो. आता बोलतो.

माझं म्हणणं असं. जगातला सगळ्यात वरच्या थरातला फुटबॉल आज बघायला कंटाळवाणा झालाय. खालच्या थरात अजून जीव आहे, मग ती इंग्लंडची दुसरी-तिसरी डिव्हिजन असू दे नाहीतर आपली केएसए लीग. दर्जा कुणाचा चांगला, हा वादच नाही. डी ब्रुइनेचा पास आणि आमच्या पेठेतल्या मिडफिल्डरचा पास यात काय फरक आहे ते मला दिसतंय, डोळे अजून शाबूत आहेत. मी बोलतोय ते बघण्याबद्दल. नव्वद मिनिटं जागचं न हलता बघावंसं वाटतं का, एवढाच प्रश्न.

भाचा हुशार आहे, त्यानं लगेच आकडा काढला. प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ च्या हंगामात ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले. २० संघांची लीग झाल्यापासूनचा हा उच्चांक. सामन्याला सव्वातीन गोल! खालच्या चॅम्पियनशिपमध्ये एवढे होत नाहीत. मग कंटाळवाणं कोण?

आकडा खरा आहे. पण ते गोल कुणी कुणाला मारले ते पण सांग की बाळा. त्याच हंगामात शेफिल्ड युनायटेडनं एकट्यानं १०४ गोल खाल्ले. खालून वर आलेले तिन्ही संघ, ल्युटन, बर्नली आणि शेफिल्ड युनायटेड, वर्षभर मार खाऊन आल्या वाटेनं परत गेले. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन वर आले, आणि तेही तिन्ही परत. साउदॅम्प्टनचं तर सात सामने बाकी असतानाच ठरलं होतं, सगळ्या हंगामाचे मिळून गुण १२. दुसऱ्या टोकाला मँचेस्टर सिटीनं सलग चार वर्षं लीग जिंकली. जर्मनीत बायर्ननं २०१३ पासून सलग ११ वेळा. मारामारीच्या सिनेमात हिरो गुंडांना किती गुद्दे मारतो ते कुणी मोजत बसतं का? हिरो मरणार नाही हे तिकीट काढतानाच माहीत असतंय.

फुटबॉल बघायला लावते ती धाकधूक. गोल तिच्या पोटातून आला तर त्याला किंमत. पाचवा गोल झाल्यावर आपण मोबाईल बघायला लागतो, आणि शून्य-एकच्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला की उभं राहतो. राहतो का नाही?

आता एक जुनी मॅच सांगतो. १२ मे २०१३. इंग्लंडची दुसरी डिव्हिजन, प्लेऑफची सेमीफायनल, वॉटफर्ड विरुद्ध लेस्टर. पहिली मॅच लेस्टरनं १-० जिंकलेली. दुसऱ्या मॅचला वॉटफर्ड २-१ नं पुढं, म्हणजे दोन्ही मिळून २-२ बरोबरी. नव्वद मिनिटं संपून वरचा वेळ चाललेला, आणि लेस्टरला पेनल्टी. नॉकार्टनं मारली, अल्मुनियानं अडवली. परत आलेला बॉल नॉकार्टनं पुन्हा मारला, पुन्हा अडवली. बॉल तिथून निघाला तो सरळ दुसऱ्या टोकाला. फोरेस्टिएरीचा क्रॉस, हॉगनं डोक्यानं खाली दिला आणि ट्रॉय डीनीनं जाळ्यात घातला. पेनल्टीपासून गोलपर्यंत वीसेक सेकंदं. लोक मैदानात, कोच झोला पळता पळता तोंडावर आपटला. अजून यूट्यूबवर आहे, बघा. आणि गंमत म्हणजे वॉटफर्ड फायनल हरलं. लेस्टर तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, अख्खी प्रीमियर लीग जिंकून बसलं. हंगामाच्या सुरुवातीला त्यांचा भाव ५००० ला एक होता. म्हणजे वरच्या लीगची गेल्या वीस वर्षांतली सगळ्यात भारी गोष्टसुद्धा खालून वर आलेल्या संघाचीच.

दुसरं दुखणं व्हीएआर. प्रीमियर लीगमध्ये २०१९ पासून आलं. न्याय झाला पाहिजे, मान्य. पण गोल झाल्यावर ओरडायचं का थांबायचं हे ठरवायला कानात यंत्र घातलेल्या माणसाकडं बघायचं, ह्याला बघणं म्हणत नाहीत. २१ एप्रिल २०२४ ला वेम्ब्लीवर एफए कपच्या सेमीफायनलला चॅम्पियनशिपमधलं कव्हेंट्री मँचेस्टर युनायटेडपुढं ३-० नं मागं होतं. शेवटच्या वीस मिनिटांत ३-३ केलं. जादा वेळही संपून गेल्यावर टॉर्पनं चौथा मारला आणि त्यांच्या बाजूची सगळी गॅलरी वेडी झाली. मग स्क्रीनवर रेघा मारल्या गेल्या. पायाच्या बोटाएवढा ऑफसाइड. गोल रद्द, पेनल्टीवर हरले. नियमानं बरोबर असेलही. पण ज्या हजारो लोकांनी दीड-दोन मिनिटं आयुष्यभराचा आनंद भोगला आणि मग तो परत दिला, ते पुढच्या गोलला मोकळेपणानं ओरडतील का? चॅम्पियनशिपमध्ये अजून व्हीएआर नाही. रेफ्री चुकतो, लोक त्याच्या आईबापांचा उद्धार करतात, खेळ पुढं चालू.

तिसरं, सगळे एकसारखे खेळायला लागलेत. गोलकीपर बॉलवर पाय ठेवून उभा. समोरचा येतोय का बघतो. दोन पावलांवरच्या डिफेंडरला देतो, तो परत देतो. २०१९ मध्ये गोलकिकचा नियम बदलला, बॉल पेनल्टी बॉक्सच्या आतच घेता येऊ लागला, तेव्हापासून तर हा खेळ फारच वाढला. गार्डिओलाला दोष नाही, त्याचं बघायला मजा येते. पण त्याची नक्कल करणारे दहा-बारा संघ बघायचे म्हणजे जेवणाच्या ताटात दहा वाट्या आणि सगळ्यांत वरणच.

आता माझ्याच विरुद्धचा मुद्दा मीच सांगतो, नाहीतर कुणीतरी उद्या सांगेल. खालच्या थरात पण कंटाळा असतो. २०२४-२५ ला चॅम्पियनशिपमध्ये बर्नलीनं ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, ३० सामन्यांत शून्य. त्या संघाच्या शून्य-शून्य मॅचा बघणाऱ्यांना खरं तर मेडल दिलं पाहिजे. पण बर्नली आलं कुठनं? वरनं. प्रीमियर लीगमधून खाली पडणाऱ्याला पुढची वर्षं 'पॅराशूट' म्हणून मोठी रक्कम मिळते, आणि ते पैसे घेऊन तो खालच्या डिव्हिजनमध्ये सावकार होऊन बसतो. वरचा रोग आहे तो, खाली झिरपलाय. १९९२ मध्ये वरचे क्लब टीव्हीच्या पैशासाठी जुन्या लीगमधून फुटून निघाले, त्याचंच हे पुढचं पान.

आणि आपलं कोल्हापूर. इथं सगळं गोड आहे असं म्हणणार नाही. बॉल वर मारतात, खरं आहे. मॅच संपल्यावर गॅलरीतून काय काय येतं तेही आपण बघितलंय. ज्यांना ती हुल्लडबाजी म्हणजेच फुटबॉल वाटतो, त्यांनी कृपा करून घरी टीव्हीच बघावा. पण पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की मंगळवार पेठेत आणि शिवाजी पेठेत दुपारी दुकानात गिऱ्हाईक मिळत नाही, हे कुठल्या पासिंगच्या टक्केवारीत बसवणार? खाली खेळणारा बॅक सकाळी मला दूध घालतो. त्यानं सेल्फ गोल केला तर आठवडाभर त्याला गल्लीतनं मान खाली घालून जावं लागतं. हालँडनं पेनल्टी घालवली तर तुझ्या घरात कुणाचं काय बिघडतंय? गॅलरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या काकांना गेली कित्येक वर्षं नावानं ओळखत नाही, पण खंडोबाचा गोल झाला की पहिली मिठी त्यांचीच.

मग मी एवढा तापलोय कशाला? ज्याला जे आवडतं ते बघेल. कारण एकच. आपल्याकडं 'वरचं तेच खरं' हे फक्त बघण्यापुरतं राहिलेलं नाही, कारभार पण त्याच हिशेबानं चाललाय. आयएसएल २०१४ ला सुरू झाली. खालून वर यायला दार उघडलं २०२३ मध्ये, पंजाब आलं, मग मोहम्मेडन आलं. पण २०२४-२५ पर्यंत तरी वरून खाली जायला दारच नव्हतं. २०२४-२५ ला मोहम्मेडन शेवटचं आलं आणि जागच्या जागी राहिलं. तळाच्या संघाच्या शेवटच्या चार मॅचला अर्थ काय मग? कुणासाठी खेळायचं, आणि कुणी कशाला बघायचं? ह्या लीगमध्ये तोवर हरून कुणी खाली गेलं नाही, पैसे संपले की गेलं. एफसी पुणे सिटी आठवतंय का? २०१९ ला गुंडाळलं, जागा हैदराबादला गेली. पुण्याची पोरं कुठल्या संघाचा टी-शर्ट घालायची, हे कुणी विचारलं नाही.

आणि कोल्हापूरचं काय? २०१७ ला सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप भारतात झाला, त्या संघात आपला अनिकेत जाधव होता. अभिमान आहेच. पण त्याला वर जायला गाव सोडावं लागलं. माणूस वर जाऊ शकतो, गावाचा संघ जाऊ शकत नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये रेक्सहॅम २०२३ ते २०२५ सलग तीन वेळा वर चढलं, पाचव्या थरातून दुसऱ्यात. त्यांच्यामागं हॉलिवूडचा पैसा होता, कबूल. पण पैसेवाल्याला चढायला शिडी तरी होती. इथं पेठेनं कितीही वर्गणी काढली तरी शिडीचा पहिला पाय कुठं ठेवायचा ते कोण सांगणार?

त्या इंग्रजांची एक गोष्ट मला फार आवडते. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच त्यांच्या देशात टीव्हीवर लाईव्ह फुटबॉल दाखवायला बंदी आहे, १९६० च्या दशकापासून. का, तर लोकांनी घरात न बसता आपापल्या गावाच्या मैदानावर जावं. गंमत बघा, तीच मॅच आपण इथं निवांत बघतो आणि तिथल्या माणसाला बघता येत नाही. जगातली सगळ्यात श्रीमंत लीग ज्यांच्याकडं आहे, त्यांना कळतंय की चौथ्या डिव्हिजनचं मैदान रिकामं पडलं तर आपलंही खरं नाही. आणि आम्ही रात्री दीडला चॅम्पियन्स लीग बघून सकाळी पेठेतल्या पोरांच्या प्रॅक्टिसला दांडी मारतो.

बंदी घाला म्हणत नाही मी. वर्ल्ड कपला मेस्सी, नेमारचे कटआउट लावायला आपण वर्गणी काढतो, काढा. मंडळांनी त्यातलीच थोडी पेठेच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या बुटांसाठी आणि एका बऱ्या कोचच्या पगारासाठी बाजूला ठेवावी. स्पॉन्सर शोधणाऱ्यांनी केएसएच्या मॅचा नीट दोन कॅमेऱ्यांनी दाखवायची सोय करावी, म्हणजे पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपली पोरंही बघतील. आणि आयएसएलमध्ये खाली जायचं दार उघडं पाहिजे, ही मागणी ज्याला ज्याला वर ओळख आहे त्यानं करत राहावी.

भाच्याला पुढच्या मॅचचं तिकीट मी काढून ठेवलंय. यायला तयार झालाय, पण सिटीचा टी-शर्ट घालूनच येणार म्हणतोय. गॅलरीत त्याला काय ऐकावं लागेल ते मी मुद्दाम सांगितलेलं नाही.