बाळंतिणीची वाट

पापुआ न्यू गिनी या द्वीपराष्ट्रांत ८०० हून अधिक भाषा आहेत. परंतु राजधानी पोर्ट मोर्सबी येथून बहुतेक प्रांतांकडे जाणारी सडक नाहीं. डोंगर, अरण्य व दूरचीं बेटें ओलांडून अडलेल्या स्त्रीस दवाखाना गांठावा लागतो. रक्तस्राव मात्र कोणासाठीं थांबत नाहीं.

अशा मृत्यूस दैव म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. घरच्यांचा निर्णय, दवाखान्याची वाट आणि तेथील उपचार, या तिहींतला विलंबच मातेचा जीव घेतो. आणि विलंब टाळतां येतो. श्रीलंका हेंही बेटच. १९३० नंतरच्या दशकांत तेथें दर लाख जन्मांमागें सुमारें २,००० माता दगावत. गांवोगांव शिकलेल्या सुईणी गेल्या, मुली शाळेंत गेल्या. आज ती संख्या ५० हूनही कमी आहे.

नाळ स्वच्छ पात्यानें कापणें, अर्भक कोरडें करून आईच्या उराशीं देणें, पहिल्या तासांत अंगावर पाजणें, यांस धन थोडें लागतें, ज्ञान फार. पापुआच्या डोंगरांत सडक होण्यास वर्षें लागतील. तोंवर शाळेंत शिकून सुईण झालेली एक मुलगी आपल्या गांवीं परतली, तर बाळंतिणीची अर्धी वाट सरली असें आम्ही समजतों.