नवचैतन्य शिबिरे आणि प्रकृतिभेदाचे भान

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायात निवासी शिबिरांना चांगलाच बहर आला आहे. डोंगरउतारावरील अथवा समुद्रकाठच्या विश्रामस्थळी पाच ते सात दिवसांचा मुक्काम, पहाटे योगासने, दिवसा अभ्यंग व शिरोधारा, सायंकाळी मौन किंवा गटचर्चा आणि निरोपाच्या वेळी रसायनकल्पांचा एक संच, अशी त्यांची साधारण रूपरेषा असते. ‘नवचैतन्य’, ‘पुनरुज्जीवन’ ही नावे तर रूढच झाली आहेत. अलीकडे माहितीपत्रकांत आणखी एक आश्वासन आढळते : येथे सर्व प्रकारच्या माणसांचे स्वागत आहे आणि माणसामाणसांतील वेगळेपणाचा स्वीकार हाही शिबिराचा उद्देश आहे.

शिबिरांना विरोध करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. थकलेल्या माणसास काही दिवस घर व कचेरीपासून दूर ठेवून विसावा देणे हे वैद्याचेच काम आहे. प्रश्न एवढाच आहे की वेगळेपणाचे स्वागत करणाऱ्या शिबिरात तीस जणांना एकच उपचारक्रम, एकच आहार आणि एकच औषधसंच दिला जात असेल, तर ते स्वागत प्रवेशद्वारापाशीच संपते. मनुष्यभेदाचा इतका सूक्ष्म विचार करणारे शास्त्र हाती असताना आपणच तो भेद विसरावा, ही गोष्ट आपल्या संघटनेने विचारात घ्यावी अशी आहे.

शास्त्रातील एकांत

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे. त्याच्या चौथ्या पादाच्या आरंभी ऋषींची कथा येते. ग्रामवासाने व ग्राम्य आहाराने ते मंदचेष्ट झाले, नित्याच्या क्रिया त्यांच्याकडून होईनात. दोष आपल्याच राहणीत आहे हे ओळखून ते हिमालयाकडे परतले आणि तेथे इंद्राने त्यांस रसायनाचा उपदेश केला. नित्याचे जगणे काही काळ बाजूला ठेवून बळ परत मिळविण्याची कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

याच अध्यायात कुटीप्रावेशिक विधी सांगितला आहे. शोधन झालेल्या व्यक्तीने त्रिगर्भ कुटीत राहून रसायनसेवन करावयाचे. हा विधी श्रेष्ठ खरा. पण दुष्करही आहे. सामर्थ्य, आरोग्य, बुद्धी, संयम, सवड, परिचारक आणि साधनसामग्री ज्यांच्यापाशी आहे त्यांच्यासाठी तो सांगितला. इतरांसाठी वातातपिक विधी आहे. वारा-ऊन सोसत, आपला व्यवहार सांभाळत घ्यावयाचे ते रसायन. त्याही पुढे आचाररसायन येते, ज्यास कुटीही लागत नाही आणि औषधाची बरणीही लागत नाही. सत्यवचन, अक्रोध, अहिंसा, दया, निद्रा व जागरण यांचा मेळ, देशकालाचे भान यांनीच ते सिद्ध होते.

सवड आणि साधने सर्वांपाशी सारखी नसतात हे शास्त्रकारांनी स्पष्टपणे मांडले. परंतु ती नसणाऱ्यास रसायनातून वगळले नाही, त्याच्यासाठी निराळी वाट केली. आजच्या शिबिरांनी कुटी तेवढी उचलली आणि वातातप विसरून गेले.

बाहेरचा अनुभव

आत्मनवीकरण आणि मनुष्यभेदाचा स्वीकार हे दोन हेतू एकत्र कसे आले, याचा पाश्चात्त्य इतिहासही आपल्याला उपयोगी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी एक कार्यशाळा घेतली. वांशिक व धार्मिक पूर्वग्रह कमी करण्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ती होती. सायंकाळी प्रशिक्षक दिवसभराच्या निरीक्षणांची चर्चा करीत. तेथे आम्हालाही बसू द्या, अशी इच्छा काही सहभागींनी व्यक्त केली. आपले वागणे इतरांस कसे दिसले हे ऐकताना माणूस अधिक शिकतो, हे त्यातून सर्वांच्या ध्यानी आले. १९४७ मध्ये, लेविन यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, मेन राज्यातील बेथेल येथे अशा प्रशिक्षण-गटांना आरंभ झाला. पुढे १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एसालेन संस्था उभी राहिली आणि गटातील अनुभवास आत्मविकासाचे रूप आले. आज जगभर चालणाऱ्या निवासी शिबिरांचे एक मूळ असे मनुष्यभेदाच्या प्रश्नात आहे. कालांतराने स्वतःचा विकास ठळक झाला आणि दुसऱ्याचे वेगळेपण मागे पडले.

या चळवळीतून मिळालेला एक इशारा आपण ध्यानात ठेवावा. लिबरमन, यालोम व माइल्स या अभ्यासकांनी स्टॅनफर्ड येथील विद्यार्थ्यांच्या अशा गटांचा अभ्यास करून १९७३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सहभागींपैकी सुमारे ८ टक्के लोकांची दीर्घकाळ टिकणारी मानसिक हानी झाल्याचे त्यांना आढळले. आक्रमकपणे मन उघडावयास लावणाऱ्या मार्गदर्शकांच्या गटांत हा धोका अधिक होता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर सत्त्वपरीक्षा न करता प्रवर-सत्त्वाची मात्रा अवर-सत्त्वास दिली गेली.

महाराष्ट्रातही ही परंपरा मोठी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. निसर्गोपचारासाठी महात्मा गांधींनी प्रथम पुण्याचा विचार केला होता. पण शहरातील संस्थेचा लाभ खेड्यातील गरिबास होणार नाही हे जाणवून त्यांनी १९४६ मध्ये उरुळी कांचन निवडले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालत आली आहेत. तेथील दहा दिवसांच्या शिबिरासाठी निवास-भोजनाचे शुल्क घेतले जात नाही आणि प्रवेशापूर्वी शारीरिक व मानसिक आजारांची माहिती विचारली जाते. यांपैकी कोणत्याही संस्थेची पद्धत आपली नव्हे. परंतु शिबिरात कोण येऊ शकतो आणि कोणास येथे अपाय होईल, हे दोन्ही प्रश्न त्यांनी आधी विचारले, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

सामायिक काय, व्यक्तिगत काय

शिबिरात सर्वांस सारखे काय द्यावे आणि व्यक्तिगणिक काय बदलावे, याची रेषा कोठे काढावयाची? माझ्या मते तिचे उत्तर विमानस्थानाच्या तिसऱ्या, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात आहे. अग्निवेश तेथे विचारतो की प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व व वय यांनी भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी नष्ट होतात? आत्रेयांचे उत्तर असे की हे भाव भिन्न असले तरी वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांस समान असतात. ते बिघडले की सर्वांवर सारखाच परिणाम होतो.

हे सूत्र उलट वाचले म्हणजे शिबिराची योजना आपोआप हाती येते. स्वच्छ हवा, चांगले पाणी, शांत स्थान आणि योग्य ऋतू या गोष्टी शिबिर तीसही जणांस एकत्र देऊ शकते. वसंतात सामुदायिक वमनाची शिबिरे घेण्याची आपल्याकडील प्रथा काल या समान भावावरच उभी आहे. परंतु अग्निवेशाने भिन्न म्हणून जे भाव सांगितले, ते एकत्र हाताळताच येत नाहीत. तेथे वैद्यास एकेका माणसासमोर बसावेच लागते.

सात दिवसांच्या ‘पंचकर्म शिबिरा’चे साधे गणित मांडून पाहावे. अच्छस्नेहपानास मृदुकोष्ठी व्यक्तीस तीन दिवस पुरतात, क्रूरकोष्ठी व्यक्तीस सात लागतात. त्यानंतर विरेचनापूर्वी तीन दिवसांचा विश्रामकाल, एक दिवस प्रत्यक्ष विरेचन आणि शुद्धीच्या प्रमाणानुसार तीन ते सात दिवसांचे संसर्जन. म्हणजे कमीत कमी दहा व जास्तीत जास्त अठरा दिवस झाले. पाचनाचे दिवस यात धरलेलेच नाहीत. मग सात दिवसांत सर्वांचे विरेचन उरकणाऱ्याने कोष्ठ पाहिलेला नाही किंवा संसर्जन सोडून दिले आहे. अभ्यंगासारखा सौम्य वाटणारा उपक्रमही कफग्रस्त, नुकतेच शोधन झालेल्या व अजीर्णी व्यक्तीस वर्ज्य आहे. तरीही वेळापत्रकात तो सर्वांच्या नावापुढे रोज लिहिलेला असतो.

आहाराचेही तेच. भात-मासळीवर वाढलेला मालवणचा माणूस आणि ज्वारीच्या भाकरीवर पोसलेला सोलापूरचा माणूस यांचे सात्म्य वेगळे आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या स्थूल व्यक्तीस लंघन मानवेल. घर, शेत आणि रात्रपाळी सांभाळून कृश झालेल्या परिचारिकेस बृंहण हवे. दोघांच्या ताटात मुगाच्या पातळ खिचडीची एकच वाटी ठेवून आपण दोघांस ‘हलके’ करू पाहतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना अशा शिबिरात लंघन करून परतलेले, चक्कर व घाम यांनी त्रस्त झालेले रुग्ण माझ्या चिकित्सालयात आले आहेत. त्यांना शिबिरात औषधाविषयी कोणी विचारलेच नव्हते.

प्रकृती म्हणजे बिल्ला नव्हे

काही शिबिरांत पहिल्याच दिवशी एक प्रश्नावली भरून घेऊन वात, पित्त, कफ अशा रंगीत फिती छातीवर लावल्या जातात. वेगळेपणाचा हा सन्मान नसून वर्गवारी आहे. ‘मी पित्ताचा, मला राग यायचाच’ असे म्हणण्याची सोयही त्यातून होते. दशविध परीक्षेत प्रकृती ही दहांपैकी एक आहे. विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती व वय ही नऊ अजून उरतात. शारीरस्थानात सत्त्वाचे सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस असे सोळा प्रकार सांगून झाल्यावर, तरतमभावाने हे भेद असंख्य आहेत असेही आचार्य म्हणतात. इंद्रियस्थानात जाती, कुल, देश, काल व वय यांनुसार होणारी प्रकृती सांगून शेवटी प्रत्यात्मनियत प्रकृती येते. जी त्या एका माणसाचीच असते, ती. वर्गीकरणाचा शेवट अशा रीतीने व्यक्तीपाशी होतो.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. ग्रंथांत प्रकृतींची हीन, मध्य, उत्तम अशी प्रतवारी आहे, आणि जाती-कुलाचा उल्लेखही आहे. ही प्रतवारी आरोग्यबलाची आहे, माणसाच्या मोलाची नव्हे, असेच तिचे वाचन वैद्याने करावे. आडनाव विचारून पंगतीतील जागा ठरणार असेल किंवा स्वयंपाकघरात कोणी शिरावे यावर कुजबुज होणार असेल, तर त्या शिबिरास नवचैतन्याचे नाव शोभत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे. तरीही अभ्यंगकक्षाच्या पाट्या ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ एवढ्याच असतात, आणि द्रोणीपर्यंत चाकाची खुर्ची पोहोचत नाही. वेगळेपणाचा स्वीकार भाषणात करणे सोपे आहे. त्याची कसोटी न्हाणीघराच्या उंबरठ्यावर लागते.

औषधालयांसाठी दोन शब्द

शिबिराच्या शेवटी दिला जाणारा तयार संच ही औषधालयांच्या दृष्टीने सोयीची विक्री आहे, हे मान्य. पण च्यवनप्राशातील साखर प्रमेही रुग्णास आणि भल्लातककल्प पित्तप्रकृतीस न विचारता देणे यात सोय कोणाची? मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायनेही सर्वांस सारखी सांगितलेली नाहीत असे समजूनच योजावीत. औषधालयांनी बंद संचाऐवजी सुटे कल्प पुरवावेत आणि निवड वैद्याच्या लेखी पत्रकावर सोडावी. विक्री थोडी मंदावेल. परत येणाऱ्या रुग्णांची संख्या मात्र वाढेल, असा माझा विश्वास आहे.

काही सूचना

शिबिरे घेणाऱ्या सभासदांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, ही विनंती.

१. प्रवेशापूर्वी प्रत्येकाची दशविध परीक्षा व चालू औषधांची नोंद घ्यावी. ज्यास शिबिर मानवणार नाही, त्यास तसे स्पष्ट सांगावे.

२. एका वैद्यास रोज प्रत्यक्ष तपासता येतील एवढेच लोक घ्यावेत.

३. सात दिवसांच्या शिबिरास ‘पंचकर्म शिबिर’ म्हणू नये. विश्रांती, दिनचर्या व आचाररसायन यांचे शिबिर म्हणावे. तेही थोडके नाही.

४. गटचर्चेत बोलण्याची सक्ती नसावी. मौन हवे त्यास मौन मिळावे.

५. प्रत्येक निवासी शिबिरामागे एक अनिवासी, वातातपिक शिबिर गावात घ्यावे. आशा सेविका, सफाई कामगार, ऊसतोडणी करणारी कुटुंबे, घरचा रुग्ण सांभाळणाऱ्या स्त्रिया यांना डोंगरावर येण्याची सवड नाही. संध्याकाळचा एक तास मात्र काढता येतो.

यांतील पाचवी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांना विसाव्याची गरज सर्वाधिक, त्यांच्यापर्यंतच विसावा पोहोचत नाही, ही आजच्या शिबिरांची मोठी उणीव आहे. ती भरून काढण्यास नवे शास्त्र लागणार नाही. कुटीच्या शेजारीच वातातपाचा विधी लिहून ठेवलेला आहे. त्याचे आचरण तेवढे आपल्या हाती आहे. संघटनेच्या आगामी सभेत या सूचनांवर चर्चा व्हावी आणि सभासदांनी आपापले अनुभव मोकळेपणाने मांडावेत, अशी नम्र अपेक्षा आहे.