शिस्त की धाक?

“आणीबाणीच बरी होती हो, गाड्या तरी वेळेवर धावायच्या!” महिला मंडळात, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य अजूनही कानावर येतं. मुसोलिनीच्या इटलीबद्दलही लोक हेच सांगत.

मैत्रिणींनो, आपल्या मालवणात तेव्हा कुठली आली गाडी? कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ साली. तिच्यासाठी झटणारे आपले खासदार मधु दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याला. नवराबायकोचा संसार चालला तो पत्रांवर! कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनाही अटक झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत जबरदस्ती किती झाली, ते शहा आयोगापुढे आलं. पण तेव्हा वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. सरकारच्या चुका छापायचीच जिथे चोरी, तिथल्या वक्तशीरपणाची ग्वाही कोणी द्यायची?

घरात सगळे गप्प आहेत म्हणजे घर सुखी आहे, असं कुठलीही बाई म्हणणार नाही. धाकाने आलेली शांतता आपण चांगली ओळखतो. मग देशाच्या बाबतीतच तिला शिस्त का म्हणायचं?

पुस्तकांत पुढाऱ्यांच्या अटका आणि तारखा सापडतील. पण तेव्हा आपल्या गावात काय घडलं, लोक कशाला घाबरत होते, हे सत्तरी-ऐंशीच्या आजीच सांगू शकतील. त्यांना विचारा, वहीत लिहून ठेवा. आणि पुढच्या पंगतीत ते वाक्य कानावर आलं, तर हसून सोडून देऊ नका.