विश्लेषण : जब्बार पटेल यांचे चित्रपट इतके वेगवेगळे, तरी प्रश्न एकच कसा?

साखर कारखान्याचे राजकारण, ठाकरांचा डोंगर, मुख्यमंत्र्यांची खुर्ची, महिला सुधारगृह, तमाशाचा फड. हे सगळे एकाच दिग्दर्शकाचे विषय आहेत. पेशाने डॉक्टर असलेल्या जब्बार पटेल यांनी दर वेळी नवे जग उभे केले. तरीही त्यांच्या उत्तम चित्रपटांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : ताकदवानापुढे एकटा उभा राहिलेला माणूस आणि त्याने मोजलेली किंमत.

सुरुवात कुठून झाली?

‘सामना’ हा पहिलाच चित्रपट १९७५च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. विजय तेंडुलकरांच्या या कथेत दारूत बुडालेला मास्तर (डॉ. श्रीराम लागू) साखरसम्राट हिंदूरावाला (निळू फुले) एकच गोष्ट विचारत राहतो : मारुती कांबळे या साध्या माणसाचे पुढे काय झाले? ‘सिंहासन’मध्ये (१९७९) निळू फुलेच पत्रकार दिगू होतात. त्याला सगळे कळते, पण थांबवता काहीच येत नाही. ‘उंबरठा’मध्ये (१९८२) सुलभा (स्मिता पाटील) सुधारगृहातील गैरप्रकारांशी झगडते आणि परत येते, तेव्हा घरही तिचे राहिलेले नसते. या तिन्ही चित्रपटांत दिग्दर्शक सोपा विजय देत नाही.

‘जैत रे जैत’ आपल्या भागाला जवळचा का?

गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट (१९७७) कर्णाळ्याच्या परिसरातील ठाकरांचा. म्हणजे कुंभिवली आणि कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर राहणाऱ्यांचीच ही माणसे. इथे नाग्याचे वैर मंत्र्याशी नाही, डोंगरावरच्या राणी माशीशी आहे. पण हट्ट तोच आणि किंमतही तितकीच मोठी. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत कथा पुढे नेतात.

मात्र गाणी चित्रपटापेक्षा मोठी झाली. ती आजही मोबाइलवर वाजतात. नाग्या-चिंधीची गोष्ट मात्र फार थोड्यांना आठवते. ठाकरांचे नाचणे-गाणे आपण उचलले, त्यांचे जगणे मागे राहिले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. पायथ्यापासून वाडीपर्यंत रस्ता नाही, हे अनेकांना त्या दिवशी कळले. याचा दोष चित्रपटाला देता येणार नाही. पण त्यानंतर मराठी सिनेमा या डोंगरांकडे किती वेळा वळला, हे विचारायलाच हवे.

पटेल कुठे कमी पडले?

थोर पुरुषांवरच्या चित्रपटांत. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये (२०००) मामुट्टी यांचा अभिनय भारदस्त आहे. पुढे कर्जतजवळ स्टुडिओ उभारणाऱ्या नितीन देसाई यांचे कलादिग्दर्शनही राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे ठरले. तरी चित्रपट बऱ्याचदा प्रसंगामागून प्रसंग मांडत जातो. यशवंतराव चव्हाणांवरच्या चित्रपटात (२०१४) तर आदर प्रश्नावर मात करतो. नायकच सर्वांत मोठा असला, की त्याला जाब विचारणारा मास्तर उरत नाही.

मग आधी काय पाहावे?

‘सामना’ आणि ‘उंबरठा’ आधी. मग ‘एक होता विदूषक’ (१९९२) : पु. ल. देशपांडे यांचे लेखन आणि विनोदाच्या साच्याबाहेरचा लक्ष्मीकांत बेर्डे. ‘जैत रे जैत’ मात्र गाण्यांच्या तुकड्यांत पाहू नका, सलग पाहा. शक्य असेल तर शेजारच्या वाडीतील कोणा जाणत्याला सोबत बसवा. चित्रपटात काय खरे आणि काय सजवलेले, हे तो कोणत्याही समीक्षकापेक्षा नेमके सांगेल.