दुधाळ्याच्या शिवारातलं वॉर्प

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेतलं यान ‘वॉर्प’नं प्रकाशाला मागं टाकतं ते पळून नव्हे, तर पुढचं अवकाश आकसून आणि मागचं ताणून. १९९४ मध्ये मिगेल अल्कुबिएरे यांनी हे आइनस्टाइनच्या समीकरणांत बसवूनही दाखवलं. पण त्याला लागणारी ऋण ऊर्जा आणायची कुठून? अवकाश ताणलं जातं, हे मात्र शंभर टक्के खरं. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी-वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा तेच मोजणार आहेत, प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक! २०१७ मध्ये सुमारे १३ कोटी वर्षांची वाट तुडवून एकाच ठिकाणाहून निघालेल्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातली थरथर, आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकानं पोचले. म्हणजे ही थरथरही प्रकाशाच्याच वेगानं धावते. हिंगोलीच्या पोरांना ती आता घराजवळच भेटेल, याचं मला फार अप्रूप वाटतं.